रिंगर धुलाई यंत्रे : संग्रह व ओळख

रिंगर धुलाई यंत्रे : धुण्याच्या टाकीच्या काठाशी उभ्या खांबावर दोन रुळांची पिळणी बसविलेली असून तिच्या पकडीतून ओले कपडे सरकवून त्यांतील पाणी दाबून काढता येते, अशी कपडे धुण्याची यंत्रे. या पिळणीलाच इंग्रजीत ‘रिंगर’ म्हणतात. तिची रचना उसाच्या चरकासारखी असते. मात्र चरकाचे रूळ लाकडाचे किंवा लोखंडाचे असतात, तर रिंगरच्या रुळांवर रबराचे जाड वेष्टन असते. वरचा रूळ कमानीच्या साहाय्याने खालच्या रुळावर दाबला जातो व माथ्यावरचा मळसूत्री दांडा फिरवून हा दाब कमीजास्त करता येतो. रुळांची लांबी सामान्यपणे २५ ते ३० सेंमी. असते. पिळलेले पाणी खालच्या पन्हाळीतून टाकीत परत जाते, त्यामुळे साबणाचे एकच पाणी अनेक घाण्यांना पुरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत घरगुती धुलाई यंत्र म्हटले म्हणजे सामान्यतः हेच यंत्र समजले जाई. ते प्रचारातून गेल्यावर त्याचा संग्रह करण्याची आवड निर्माण झाली आणि कोणते यंत्र कोणाचे, केव्हाचे व कितपत मूळ स्वरूपात आहे हे ठरविण्याचे एक लहानसे शास्त्रच त्यातून तयार झाले.

इतिहास : रिंगर आणि मँगल या दोन साधनांची अनेकदा गल्लत केली जाते. मँगल हे मूळचे कापड पिळण्याचे नव्हे, तर दमट कापडाच्या सुरकुत्या काढून ते गुळगुळीत करण्याचे साधन होय. यूरोपातील जुन्या पेटी-मँगलमध्ये दगडांनी भरलेली मोठी लाकडी पेटी, कापड गुंडाळलेल्या लाटांवरून पुढेमागे ओढीत. पुढे बिडाच्या चौकटीत बसविलेल्या दोन जाड लाकडी रुळांचे मँगल आले. ब्रिटनमध्ये पाणी काढण्यासाठीही तेच वापरीत, म्हणून तेथे बोलीभाषेत दोन्हींना मँगलच म्हणतात. लाकडी रुळांखाली हाडाची व शिंपल्याची बटणे फुटत, तसेच कापडाच्या जाड घड्या व पातळ भाग यांवर सारखा दाब पडत नसे. चार्ल्स गुडइयर यांच्या रबराच्या व्हल्कनीकरणाच्या एकस्वानंतर (१८४४) टिकाऊ व लवचिक रबर उपलब्ध झाले आणि ही अडचण बरीचशी दूर झाली. कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांताच्या सेंट जॉन या गावचे जॉन टर्नबुल यांनी पिळरूळ जोडलेल्या धुलाई यंत्राचे एकस्व १८४३ सालीच घेतले होते. तथापि रबरी रुळांचे व दंतचक्रांनी एकमेकांस जोडलेले रिंगर १८६० नंतरच्या दशकात बाजारात आले. दंतचक्रांचे महत्त्व असे की, त्यांच्यामुळे दोन्ही रूळ सक्तीने एकाच गतीने फिरतात. एरवी जाड कापड आले की वरचा रूळ अडतो व कापड घासून फाटते.

धुण्याच्या टाकीचा इतिहास याहून जुना आहे. जर्मनीतील रेगेन्सबुर्क येथील याकोप क्रिस्टिआन शेफर यांनी १७६७ मध्ये आपल्या धुलाई यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. हेन्री सिजिअर यांना १७८२ मध्ये ब्रिटिश एकस्व मिळाले. अमेरिकेत जेम्स किंग (१८५१) व हॅमिल्टन स्मिथ (१८५८) यांनी फिरत्या पिंपाच्या यंत्रांची एकस्वे घेतली. इंडियाना राज्यातील ब्लफटन येथील विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १८७४ मध्ये पत्नीच्या वाढदिवसाची भेट म्हणून एक यंत्र बनविले, असे सांगतात. लाकडी टाकीच्या झाकणाला खुंट्यांची तिवई उलटी टांगून ती हातदांड्याने अर्धवट पुढे व अर्धवट मागे फिरवावयाची, ही त्या काळातील लोकप्रिय रचना होती. या तिवईला इंग्रजीत ‘डॉली’ म्हणत. आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्टचे व्हॉस बंधू, ओहायोतील सिनसिनॅटीची ‘बॉस’ कंपनी, इंडियानातील फोर्ट वेनची हॉर्टन कंपनी अशा कित्येक कारखानदारांनी अशी यंत्रे विकली. रिंगर बहुधा वेगळा विकत घेऊन टाकीच्या काठाला चिमट्याने बसवीत.

रिंगरच्या इतिहासात एलेन एग्लिन या वॉशिंग्टनमधील कृष्णवर्णीय स्त्रीचा उल्लेख येतो. तिने एका प्रकारचा रिंगर योजिला व त्याचे हक्क १८८८ मध्ये एका मध्यस्थाला अवघ्या १८ डॉलरना विकले. शार्लट स्मिथ यांच्या ‘द वुमन इन्व्हेंटर’ या नियतकालिकात आलेल्या वृत्तांतानुसार, वस्तू कृष्णवर्णीय स्त्रीची आहे हे कळल्यास श्वेतवर्णीय स्त्रिया ती घेणार नाहीत, म्हणून आपण हक्क विकले असे तिने सांगितले होते. रिंगर हे साधन तिच्या आधी निदान २५ वर्षे विकले जात होते; त्यामुळे काही लोकप्रिय पुस्तकांत तिला रिंगरची आद्य संशोधक म्हटले आहे ते बरोबर नाही. पण हक्क विकले गेल्यामुळे एकस्वांच्या नोंदींत तिचे नाव नाही, हेही तितकेच खरे. केवळ एकस्वांवरून व नामपट्टिकांवरून या यंत्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण नजरेआड करू नये. विशेषतः ज्या कामाचे हे यंत्र, ते काम अमेरिकेच्या दक्षिणेकडील शहरांत फार मोठ्या प्रमाणावर कृष्णवर्णीय धोबिणींच्या हातांनी होत होते. १८८१ च्या उन्हाळ्यात जॉर्जिया राज्यातील अटलांटा येथील धोबिणींनी मजुरीच्या दरासाठी संप केला होता. त्यांच्या तस्तांचे व घासपट्ट्यांचे नमुने संग्रहांतून क्वचितच दिसतात. दिसतात ती कारखान्यांची यंत्रे.

विजेवर चालणारे धुलाई यंत्र ॲल्व्हा फिशर यांनी शोधून काढले, असे विधान अनेक ठिकाणी केलेले आढळते. शिकागोच्या हर्ली मशीन कंपनीच्या ‘थॉर’ यंत्रासाठी फिशर यांना ९ ऑगस्ट १९१० रोजी ९,६६,६७७ क्रमांकाचे एकस्व मिळाले, हे खरे. परंतु विद्युत् धुलाई यंत्रांच्या जाहिराती अमेरिकी वृत्तपत्रांत १९०४ सालीही येत होत्या. फिशर यांच्या यंत्रात आडवे पिंप काही फेरे एका दिशेने व काही उलट दिशेने फिरे, त्यामुळे कपड्यांचा गोळा होत नसे. आरंभीच्या बहुतेक विद्युत् यंत्रांत चलित्र, पट्टे व दंतचक्रे टाकीखाली उघडीच असत. चलित्रावर पाण्याचे थेंब पडून विजेचा धक्का बसण्याचा व पट्ट्यात पदर अडकण्याचा धोका नेहमीचाच होता.

रिंगर यंत्रांच्या इतिहासात आयोवा राज्यातील न्यूटन या लहान गावाचे स्थान सर्वांत महत्त्वाचे आहे. फ्रेडरिक लुई मेटॅग (१८५७–१९३७) यांची कंपनी १८९३ मध्ये मळणी यंत्रांची उपांगे बनविण्यासाठी निघाली. शेती अवजारांना मागणी हंगामापुरतीच असे; उरलेल्या महिन्यांत कारखान्याला काम हवे म्हणून कंपनीने १९०७ मध्ये ‘पास्टाइम’ नावाचे हाताने फिरवावयाचे लाकडी टाकीचे यंत्र काढले. हॉवर्ड स्नायडर या कुशल यंत्रज्ञाने त्यात एकामागून एक सुधारणा केल्या. १९०९ मध्ये ‘हायर्ड गर्ल’ म्हणजे ‘मोलकरीण’ या अर्थपूर्ण नावाचे, बाहेरच्या एंजिनाच्या पट्ट्यावर चालणारे यंत्र निघाले. रिंगर खांबाभोवती फिरवून वेगवेगळ्या तस्तांवर नेता यावा व त्याची दिशा उलटविता यावी ही सोयही याच काळात झाली. खेड्यांत वीज नव्हती. १९३५ च्या सुमारासही अमेरिकेतील शेतघरांपैकी फक्त दहा टक्क्यांच्या आसपास घरांना वीज मिळत होती. म्हणून पेट्रोलवर चालणारे लहान एंजिन यंत्राखालीच बसविण्याची कंपनीची कल्पना (सु. १९१५) शेतकऱ्यांच्या घरांत यंत्र पोहोचविण्यास कारणीभूत झाली. १९१९ मध्ये अखंड ओतीव ॲल्युमिनियमची टाकी साधली. १९२२ मध्ये ‘गायराफोम’ हा नमुना आला. त्यात झाकणाला टांगलेली डॉली जाऊन टाकीच्या तळाशी पात्यांची घुसळणी आली. पूर्वी कपडे पाण्यातून ओढले जात, आता पाणीच कपड्यांतून जोराने फिरू लागले. ताक घुसळणाऱ्या रवीच्या पुढेमागे होणाऱ्या हालचालीशी तिचे साम्य आहे. या एका बदलामुळे कंपनी अमेरिकेतील धुलाई यंत्रांच्या कारखानदारांत अग्रभागी गेली. १९२७ मध्ये तिचे दहा लाखावे यंत्र तयार झाले. न्यूटनमध्येच ‘वन मिनिट’ व ‘ऑटोमॅटिक’ या नावांची यंत्रेही बनत.

इतर कारखान्यांत न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूसची ‘ईझी’, इलिनॉयमधील पिओरिआचे ऑल्टॉर्फर बंधू यांची ‘एबीसी’, विस्कॉन्सिनमधील रिपनची ‘स्पीड क्वीन’, आयोवातील फेअरफील्डची दोन टाक्यांची ‘डेक्स्टर’ व कॅनडाच्या आँटॅरिओ प्रांतातील फर्गस येथील बीटी बंधूंची यंत्रे प्रसिद्ध होती. न्यूयॉर्क राज्यातील बिंगमटनची ‘नाइन्टीन हंड्रेड’ कंपनी व मिशिगनमधील सेंट जोसेफची अप्टन कंपनी १९२९ मध्ये एक झाल्या. पुढे १९५० मध्ये या संस्थेने ‘व्हर्लपूल’ हे नाव घेतले. ब्रिटनमध्ये वेल्समधील मर्थर टिडफिलजवळ हूव्हर कंपनीने १९४८ मध्ये काढलेले छोटे यंत्र घरोघर पोहोचले. त्याची घुसळणारी तबकडी टाकीच्या बाजूच्या भिंतीत असे व हाताने फिरवावयाचा रिंगर घडी करून टाकीत ठेवता येई.

वापर व धोके : धुण्याचा दिवस बहुधा सोमवार असे. पाणी तापवून टाकीत भरीत व आधी पांढरे, मग रंगीत व शेवटी कामाचे मळके कपडे त्याच पाण्यात धूत. रिंगर फिरवून कपडे खळबळण्याच्या पहिल्या तस्तात, तेथून नीळ घातलेल्या दुसऱ्या तस्तात व अखेरीस टोपलीत पडत. म्हणजे प्रत्येक कपडा रुळांतून निदान तीनदा जाई, आणि प्रत्येक वेळी तो हातानेच आत सारावा लागे. यंत्र ‘आपोआप’ काही करीत नव्हते. घासण्याचे व पिळण्याचे कष्ट मात्र त्याने हलके केले. तरीही त्याने स्त्रियांचे एकूण काम किती कमी केले हा वादाचा विषय आहे. रूथ श्वार्ट्‌झ कोवन या इतिहासकार विदुषीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, पूर्वी धोबिणीकडे किंवा धुलाईच्या कारखान्याकडे जाणारे धुणे यंत्रामुळे घरात परतले व ते एकट्या गृहिणीच्या वाट्याला आले. ‘मोलकरीण’ या नावाच्या यंत्राबरोबर मोलकरीण घरातून गेली. तिच्या जागी यंत्राजवळ उभी राहिली ती घरधनीण. ज्या घरात पूर्वीही सारे धुणे हातानेच होत असे, तेथे मात्र यंत्राचा लाभ निर्विवाद होता.

विद्युत् रिंगर हे घरातील सर्वांत धोकादायक साधनांपैकी एक होते. फिरत्या रुळांत बोटे सापडली की हात कोपरापर्यंत किंवा खांद्यापर्यंत ओढला जाई व रूळ एकाच जागी फिरत राहून त्वचा आणि तिच्याखालील ऊती सोलून निघत. लहान मुले याला विशेष बळी पडत. १९३८ पासून वैद्यकीय वाङ्मयात ही इजा ‘रिंगर आर्म’ या नावाने स्वतंत्रपणे वर्णिली जाऊ लागली. वरून किरकोळ दिसणारी ही इजा आत गंभीर असू शकते, म्हणून अशा मुलांना रुग्णालयात ठेवून हातावर लक्ष ठेवावे लागे. कारखानदारांनी रुळांवर आडवी सुटका-पट्टी बसविली. तिच्यावर थाप मारताच वरचा रूळ उचलला जाई. पुढील काळात, घाबरलेला माणूस हात मागे ओढतो हे ध्यानात घेऊन, त्या ओढीनेच रूळ सुटतील अशी योजना झाली. सुटका-पट्टीचा प्रकार हे यंत्राचे वय ठरविण्याचेही एक साधन आहे.

दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये अमेरिकेत घरगुती धुलाई यंत्रांचे उत्पादन थांबविण्यात आले. बेंडिक्स कंपनीचे स्वयंचलित यंत्र १९३७ मध्येच आले होते. युद्धानंतर अशा यंत्रांचा प्रसार वेगाने होऊन १९५० नंतरच्या दशकात रिंगर यंत्र मागे पडले. तथापि पाण्याची टंचाई असलेल्या भागांत व दुरुस्ती स्वतः करू शकणाऱ्या घरांत ते टिकून राहिले. मेटॅग कंपनीने आपले शेवटचे रिंगर यंत्र नोव्हेंबर १९८३ मध्ये बनविले. ही कंपनी २००६ मध्ये व्हर्लपूलकडे गेली व २००७ मध्ये न्यूटनचा कारखाना बंद झाला. भारतात गरम पाण्याचे बंब व धोबीघाट यांच्या नंतर घरोघर आले ते एकदम दोन कप्प्यांचे, फिरत्या पिंपाने पाणी काढणारे अर्धस्वयंचलित यंत्र; रिंगरचा टप्पा येथे जवळजवळ आलाच नाही.

ओळख पटविणे : नवख्या संग्राहकाची सर्वांत नेहमीची चूक म्हणजे रिंगरवरील नाव हेच यंत्राच्या कारखानदाराचे नाव समजणे. पेनसिल्व्हेनियातील ईअरी येथील लव्हेल कंपनी केवळ रिंगर बनवून अनेक कारखानदारांना पुरवीत असे. ‘लव्हेल’ ही अक्षरे असलेला रिंगर त्यामुळे कित्येक निरनिराळ्या नावांच्या यंत्रांवर आढळतो. याच्या उलट मेटॅगच्या रिंगरवर ‘रोलर वॉटर रिमूव्हर’ असा शब्दप्रयोग असतो. तेथे ‘रिंगर’ हा शब्दच टाळलेला आहे. दुकानांच्या नावाने विकलेल्या यंत्रांचीही अशीच अडचण असते. सीअर्स या टपालविक्री संस्थेचा स्वतःचा धुलाई यंत्रांचा कारखाना नव्हता. तिच्या ‘केनमोर’ यंत्राच्या नमुना-क्रमांकाच्या आरंभी ११० हे आकडे असतील, तर ते नाइन्टीन हंड्रेड म्हणजेच पुढील व्हर्लपूलच्या कारखान्यातील होय. केनमोर हे नाव धुलाई यंत्रांवर १९२७ पासून आढळते.

नामपट्टिकेवरील एकस्वाच्या तारखेवरून यंत्राचे वर्ष सरळ सांगणे चुकीचे आहे. ती तारीख एवढेच सांगते की, यंत्र त्याआधीचे नाही. तोच साचा दहा-पंधरा वर्षे वापरात राहिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. अनेक तारखा असतील तर सर्वांत अलीकडची घ्यावी. १९२७ च्या अमेरिकी कायद्याने तारखेऐवजी एकस्वाचा क्रमांक देणे आवश्यक झाले, म्हणून केवळ तारखा असलेली पट्टिका बहुधा त्या सुमारापूर्वीची असते. क्रमांकांचा उपयोग अधिक निश्चित आहे. दहा लाखावे एकस्व ८ ऑगस्ट १९११ रोजी, वीस लाखावे ३० एप्रिल १९३५ रोजी व तीस लाखावे १२ सप्टेंबर १९६१ रोजी दिले गेले. तेव्हा वीस लाखांच्या पुढील क्रमांक असलेली पट्टिका १९३५ च्या आधीची असू शकत नाही, मग विक्रेता यंत्र आजीच्या लग्नातले असल्याचे कितीही खात्रीने सांगो. पत्त्यावरूनही काळ कळतो : गावाच्या नावापुढे एक-दोन अंकी टपाल-विभाग १९४३ नंतर येतो आणि पाच अंकी झिप क्रमांक १९६३ नंतर.

चलित्रावरील पट्टिका स्वतंत्रपणे वाचावी. ३२ व्होल्टचे एकदिश प्रवाहाचे चलित्र म्हणजे यंत्र शेतावरील घरगुती जनित्रसंचावर चालत असे. २५ आवर्तनांचे चलित्र आढळल्यास यंत्र बहुधा दक्षिण आँटॅरिओतील. तेथील वीजपुरवठा १९४९ ते १९५९ या काळात ६० आवर्तनांवर नेण्यात आला व त्या वेळी असंख्य चलित्रे बदलली गेली. बदललेले चलित्र हा दोष मानू नये. तो त्या यंत्राच्या चरित्राचाच भाग होय.

टाकीचे द्रव्य व आकार हे दुसरे गमक. सायप्रसच्या लाकडाच्या फळ्यांची, लोखंडी कड्यांनी आवळलेली टाकी सर्वसाधारणपणे १९२० पूर्वीची असते. तांब्याच्या टाक्या १९१० ते १९३० या काळात विशेष प्रचारात होत्या. त्यांना आतून कथिलाची कल्हई किंवा निकेलचा मुलामा असे. काचेचा मुलामा दिलेल्या पोलादी टाक्या नंतरच्या. आरंभी त्यांचे रंग करडे, हिरवे व ठिपकेदार असत. पांढरा रंग युद्धाच्या आगेमागे रूढ झाला. उघडी यंत्रणा जुनी आणि खालपर्यंत पत्र्याचा घेर असलेली नवी, असे ढोबळमानाने म्हणता येते. मेटॅगच्या उत्तरकालीन यंत्रांत ‘ई’ नमुना चौकोनी ॲल्युमिनियम टाकीचा व ‘एन’ नमुना काचमुलाम्याच्या गोल टाकीचा असतो. नमुन्याच्या अक्षरांअखेर ‘पी’ असल्यास पाणी उपसण्याचा पंप मूळचाच आहे असे समजावे. हे दोन नमुने इतक्या मोठ्या संख्येने निघाले की, जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘दुर्मिळ’ म्हणून दाखविले जाणारे यंत्र पुष्कळदा त्यांपैकीच एक असते.

मेटॅगची पेट्रोल एंजिने हा एक स्वतंत्र विषय आहे. एका सिलिंडरचे ९२ क्रमांकाचे एंजिन १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आले, तर दोन सिलिंडरांचे ७२ क्रमांकाचे १९३७ मध्ये. दोन्ही द्विधाव प्रकारची असून पेट्रोलमध्येच वंगणतेल मिसळावे लागते. ती पायाने दाबून सुरू करतात व धूर लवचिक धातुनळीने दाराखालून बाहेर सोडतात. ही एंजिने शेतकऱ्यांच्या मुलांनी खेळगाड्यांना, पंपांना व सहाणींना जोडली. त्यामुळे एंजिनांचे संग्राहक धुलाई यंत्रांच्या संग्राहकांहून संख्येने अधिक आहेत, आणि याचा परिणाम खेदजनक आहे. अखंड यंत्र मिळाले की एंजिन काढून घ्यावयाचे व टाकी भंगारात घालावयाची, हा प्रघात दीर्घकाळ चालला. आज सुट्या एंजिनांचे प्रदर्शन भरविता येते, पण ते ज्या यंत्राखाली होते ते सबंध उभे असलेले फार कमी दिसते. रिंगरच्या जागी बसविण्याचे ॲल्युमिनियमचे लोणी काढण्याचे भांडे व मांस बारीक करण्याचे यंत्र ही मेटॅगची उपांगेही अशीच वेगळी पडून ओळख हरवून बसलेली आढळतात.

तांब्याच्या टाक्यांची गत याहून वाईट झाली. युद्धकाळात धातुसंकलनाच्या मोहिमांत अनेक गेल्या. उरलेल्यांपैकी कितीतरी कापून, घासून चकचकीत करून फुलझाडांच्या कुंड्या म्हणून विकल्या गेल्या. दोन-तीन मोडक्या यंत्रांचे भाग जोडून केलेले ‘जुळवलेले’ यंत्रही बाजारात असते. खांबावरील खोबण व रिंगरचा बुडखा यांची झीज जुळत नसेल, पायांची भोके पुन्हा पाडलेली असतील किंवा नामपट्टिकेचे रिव्हेट नवे असतील, तर सावध राहावे.

जतन : यंत्र घरी आणल्यावर ते लगेच विजेला जोडून पाहण्याचा मोह आवरावा. तारांवरील जुने रबर व कापडाचे वेष्टन भुगा झालेले असते आणि जुन्या यंत्रांना भूसंपर्कन नसते. ओली जमीन व धातूची टाकी यांच्या संयोगाने धक्का जीवघेणा ठरू शकतो. रिंगर साठवताना दाबाचा दांडा सैल करून ठेवावा. नाहीतर रुळांच्या रबराला कायमचे चपटे खाच पडतात. ॲल्युमिनियमची टाकी दाहक सोड्याने कधीही साफ करू नये, कारण धातू खाल्ला जाऊन खड्डे पडतात. अनेक जुन्या टाक्यांतील खड्डे घरगुती लायच्या साबणाचेच आहेत. लाकडी टाकी कोरड्या हवेत आकसून कडी गळून पडतात, म्हणून ती उघडण्यापूर्वी फळ्यांना क्रमांक घालावेत. १९३० पूर्वीच्या ओतीव जस्त-मिश्रधातूच्या भागांना आतून तडे जातात व ते हातात चुरा होतात. त्यांना उपाय नाही, त्यांचे मोजमाप घेऊन प्रतिरूप ओतणे एवढेच करता येते. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने तो कोरडा घासू नये. तसे पाहिले तर मूळ रंग, झिजलेली अक्षरे व गृहिणीने केलेली तार-दोऱ्याची दुरुस्ती यांना नव्या चकचकीत रंगापेक्षा अधिक मोल आहे. पुन्हा रंगविलेले यंत्र सुंदर दिसते, पण त्याच्याकडे विचारण्यासारखे फारसे उरत नाही.

सार्वजनिक संग्रहांत न्यूटन येथील जॅस्पर परगण्याच्या संग्रहालयातील मेटॅग दालन महत्त्वाचे आहे. खाजगी संग्रहांत कोलोराडो राज्यातील ईटन येथे विद्युत् अभियांत्रिकीचे निवृत्त प्राध्यापक ली मॅक्सवेल यांनी उभा केलेला संग्रह सर्वांत मोठा ठरला. त्यात एक हजाराहून अधिक यंत्रे जमली व गिनेस विक्रमग्रंथाने त्याची नोंद घेतली. मॅक्सवेल यांनी एकस्वांच्या व जाहिरातींच्या आधारे धुलाई यंत्रांच्या इतिहासावर ‘सेव्ह विमेन्स लाइव्ह्‌ज’ हे पुस्तकही २००३ मध्ये प्रसिद्ध केले.

संग्राहकांखेरीज या यंत्रांचे आणखी एक गिऱ्हाईक आहे. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना इ. राज्यांतील आमिश व जुन्या वळणाचे मेनोनाइट पंथीय सार्वजनिक वीज घरात घेत नाहीत. ते रिंगर यंत्रांची चलित्रे काढून त्यांच्या जागी पेट्रोल एंजिने किंवा दाबित हवेवर चालणारी चलित्रे बसवितात व त्यांवर आठवड्याचे धुणे करतात. त्यांच्या वस्त्यांतील दुकानांत रुळांचे रबर, दंतचक्रे व घुसळण्या नव्याने बनवून विकल्या जातात आणि संग्राहकही आपल्या यंत्रांचे सुटे भाग तेथूनच मिळवितात.